पडद्यावरचा मोती कसा घडतो?

‘कुत्रा हा इमानी प्राणी आहे.’ चौथीत असताना ‘माझा आवडता प्राणी’ या निबंधाची सुरुवात वर्गातल्या बहुतेक सर्वांनी या एकाच वाक्याने केली होती. बाईंनीही सर्वांना सारखेच गुण दिले. त्यानंतर इमान म्हणजे नेमके काय, असा प्रश्न मला कधी पडला नाही. तो पडला मागच्या दिवाळीच्या सुट्टीत, आणि तोही एका जुन्या चित्रपटामुळे.

रविवारची दुपार होती. टी.व्ही.वर ‘तेरी मेहरबानियाँ’ लागला होता. १९८५ सालचा हा चित्रपट. निर्माते के. सी. बोकाडिया, दिग्दर्शक विजय रेड्डी, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. जॅकी श्रॉफ आणि पूनम धिल्लों यांची नावे मोठी असली तरी खरा नायक आहे मोती नावाचा कुत्रा. गावावर जुलूम करणारा ठाकूर म्हणजे अमरीश पुरी आणि त्याचा साथीदार म्हणजे आपले अहमदनगरचे सदाशिव अमरापूरकर. हे लोक मोतीच्या मालकाचा खून करतात आणि मग मोती एकेकाला गाठून सूड घेतो. गोष्ट एवढीच. पण आमच्या घरात ती सुरू झाली की आजी भाजी निवडायची थांबते आणि बाबा चहा थंड होऊ देतात. हा चित्रपट बाबांनी लहानपणी, आळीत भाड्याने व्हिडिओ आणला होता तेव्हा, अंगणात बसून पाहिला होता. त्यानंतर किती वेळा पाहिला याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही.

मालकाच्या समाधीपाशी मोती बसलेला दिसला तशी आजी पदराने डोळे पुसत म्हणाली, “बघ, मुकं जनावर कसं रडतंय!”

मी नुकतीच कॉलेजात चित्रपटाच्या भाषेवर एक व्याख्यान ऐकून आले होते. नवीन शिकलेले सांगण्याची घाई होती. मी म्हणाले, “आजी, तो रडत नाही. कॅमेऱ्यामागे त्याला शिकवणारा माणूस उभा असतो, त्याच्याकडे तो बघतो आहे. बाकी सगळं कापून जोडलेलं असतं. कुत्र्याला त्यातलं काही कळत नाही.”

आजी हसली. बाबा मात्र काही न बोलता उठले आणि ओटीवर जाऊन बसले. चित्रपट अर्धा राहिला. आमच्या घरात पदवीच्या वर्गापर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. माझ्या कॉलेजची फी बाबा कधी एक दिवस उशिरा भरत नाहीत. माझ्या शिकण्यामुळे ते टी.व्ही.समोरून उठून जावेत, हे मला बरे वाटले नाही. आपण जे बोललो ते खरे तरी होते का, हे नीट पाहावे असे मनात आले. सुट्टी संपल्यावर ग्रंथालयात जे हाती लागले ते वाचले. त्यातून जे समजले ते येथे मांडते.

पडद्यावरच्या शूर कुत्र्याची परंपरा बोलपटापेक्षाही जुनी आहे. १९०५ साली इंग्लंडमध्ये सेसिल हेपवर्थ यांच्या कंपनीने ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ नावाचा सहा-सात मिनिटांचा मूकपट काढला. एक भिकारीण तान्हे मूल पळवते आणि घरचा कुत्रा रोव्हर ते शोधून काढतो. कुत्रा हेपवर्थ यांच्या घरचाच, खरे नाव ब्लेअर. मूल त्यांचेच, आई झालेली बाई म्हणजे त्यांच्या पत्नी, आणि गोष्टही पत्नीनेच लिहिलेली. सारा खर्च सात पौंड, तेरा शिलिंग, नऊ पेन्स! चित्रपटाला इतकी मागणी आली की प्रती काढून काढून मूळ निगेटिव्ह झिजली आणि तो पुन्हा दोनदा चित्रित करावा लागला.

चित्रपटाच्या इतिहासात या लहानशा पटाला मान आहे तो मात्र वेगळ्या कारणाने. कुत्रा घरातून निघतो, रस्ता ओलांडतो, नदी पोहून जातो आणि गरीब वस्तीतल्या एका दारात शिरतो. परत येताना तीच ठिकाणे उलट्या क्रमाने दिसतात. मग मालकाला घेऊन तो पुन्हा त्याच वाटेने जातो. प्रत्येक ठिकाण वेगळे चित्रित केलेले आहे. पण ती एकापुढे एक जोडल्यावर पाहणाऱ्याला सबंध वाट दिसते आणि त्या वाटेवरून धावणाऱ्या कुत्र्याच्या डोक्यात एक निश्चय आहे असेही वाटते. ब्लेअर बिचारा प्रत्येक वेळी समोरून हाक आली म्हणून धावला असेल. निश्चय तयार झाला तो जोडणीत. या जोडणीलाच आपण संकलन म्हणतो.

पुढे रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने हीच गोष्ट माणसाच्या चेहऱ्यावर करून पाहिली. एका नटाचा कोणताही भाव नसलेला चेहरा घेतला. त्याच्यापुढे एकदा सूपची थाळी जोडली, एकदा शवपेटी, एकदा स्त्री. चेहरा तोच, पण पाहणाऱ्यांना कधी त्यात भूक दिसली, कधी दुःख, कधी अभिलाषा. आता ‘मोती’कडे या दृष्टीने पाहा. कुत्र्याचा चेहरा, मग मालकाची समाधी, पुन्हा कुत्र्याचा चेहरा. मधले दुःख आपण आपल्या पदरचे घालतो. कुत्रा तर असल्या नटापेक्षाही सोयीचा, कारण तो कधी खोटा अभिनय करीत नाही.

अमेरिकेत या कल्पनेला मोठे यश आले ते रिन-टिन-टिनमुळे. पहिले महायुद्ध संपत आले असताना, सप्टेंबर १९१८ मध्ये, ली डंकन या अमेरिकन सैनिकाला फ्रान्समधल्या एका उद्ध्वस्त श्वानगृहात जर्मन शेफर्ड जातीची पिल्ले सापडली. त्यांतले एक त्याने घरी नेऊन शिकवले. १९२३ च्या ‘व्हेअर द नॉर्थ बिगिन्स’ या साहसपटाने ते पिल्लू प्रसिद्धीला आले आणि वॉर्नर ब्रदर्स ही त्या वेळची नवी कंपनी त्याच्या चित्रपटांवर चांगलीच सावरली. १९४३ मध्ये ‘लॅसी कम होम’ आला. लॅसी ही गोष्टीत कुत्री, पण तिचे काम पाल नावाच्या कुत्र्याने केले. म्हणजे आपल्या संगीत रंगभूमीवर बालगंधर्वांनी जे केले, तेच येथे एका कुत्र्याने केले असे म्हणायला हरकत नाही!

आपल्याकडे ही परंपरा आली ती मुंबईत, परळला. जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया या बंधूंनी परळच्या आपल्या जुन्या वास्तूत वाडिया मूव्हीटोन ही कंपनी चालवली. पुढे त्याच जागेत व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिर उभारले. वाडियांचा १९३५ चा ‘हंटरवाली’ तुफान चालला आणि ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स ‘फिअरलेस नादिया’ म्हणून घरोघरी पोहोचली. या साहसपटांत नादियाबरोबर तिचे साथीदार ठरलेले असत: ‘पंजाब का बेटा’ नावाचा घोडा, ‘रोल्स रॉइस की बेटी’ नावाची मोटार आणि ‘गनबोट’ नावाचा कुत्रा. १९३७ च्या ‘तूफानी टारझन’मध्येही एक कुत्रा आहे आणि त्याचे नाव मोती! १९८५ साली ‘तेरी मेहरबानियाँ’ आला, त्याच वर्षी आलेल्या ‘मर्द’मध्ये अमिताभ बच्चन यांच्याबरोबर असलेल्या कुत्र्याचे नावही मोतीच. आपल्या लोकांनी कुत्र्याला मोती म्हणायचे ठरवलेच आहे, तेथे सिनेमावाले काय करणार? ‘तेरी मेहरबानियाँ’मधल्या मोतीचे स्वतःचे नाव मात्र ब्राउनी होते.

त्यानंतर १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’ आला. त्यातला टफी कोणावर झडप घालत नाही, फक्त एक चिठ्ठी योग्य माणसाकडे नेतो आणि लग्न वाचवतो. काळ बदलला तसे कुत्र्याचे शौर्यही शेतातून दिवाणखान्यात आले.

आता कुत्र्याकडून काम करवून कसे घेतात ते पाहू. शिकवण्याचे मूळ तत्त्व सोपे आहे: हवे ते केले की लगेच बक्षीस. बक्षीस म्हणजे खाऊचा तुकडा, चेंडू किंवा नुसती पाठीवर थाप. आधी ‘बस’, ‘थांब’, ‘ये’, ‘उचल’ एवढे शिकवतात. मग ठरलेल्या खुणेवर जाऊन उभे राहायला शिकवतात, म्हणजे कॅमेऱ्याला तो नेमका सापडतो. चित्रीकरणाच्या वेळी तोंडी हुकूम नेहमीच देता येत नाही, म्हणून हाताच्या खुणा असतात. कुत्रा लांब कोठेतरी करुण नजरेने पाहत असतो तेव्हा बहुधा तेथे त्याचा शिक्षक हात वर करून उभा असतो. खलनायकाच्या बाहीत जाड गादीसारखे वेष्टण असते आणि ती ओढणे हा कुत्र्याला शिकवलेला खेळ असतो. खेळताना त्याची शेपटी हलते, म्हणून कॅमेरा शेपटी टाळतो! गुरगुरणे पुष्कळदा नंतर भरतात. लांब चित्रपटासाठी एकसारखे दिसणारे दोन-तीन कुत्रेही ठेवतात: एक धावण्यात तरबेज, एक शांत बसण्यात.

या सर्वांत जनावराचे हाल होण्याची भीती असते आणि जुन्या काळी ते होतही असत. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे. २००१ च्या नियमांनुसार चित्रपटात प्राणी वापरायचा तर त्याची आधी नोंदणी करावी लागते आणि भारतीय पशुकल्याण मंडळाची परवानगी लागते. चित्रपटाच्या सुरुवातीला कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही अशी ओळ येते, तिच्यामागे हे सगळे आहे.

येथपर्यंत वाचून मला वाटले, आपण आजीला बोललो ते बरोबरच होते. पण पुढे दोन गोष्टी वाचनात आल्या आणि मी थोडी थांबले.

पहिली गोष्ट जपानमधली. तेथील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केले की बऱ्याच तासांनी मालक भेटला तर कुत्र्याच्या डोळ्यांतले पाणी मोजण्याइतके वाढते. मालक नसलेल्या, ओळखीच्या माणसाला भेटून तसे वाढत नाही. अश्रू गालावरून ओघळत नाहीत, पण डोळे भरतात. म्हणजे कुत्रा दुःखाने माणसासारखा रडतो असे नाही, पण आजी अगदीच चुकली असेही नाही.

दुसरी गोष्ट मुंबईची. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या जंजीर नावाच्या लॅब्रॅडॉर कुत्र्याने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधून दिले, अशी नोंद आहे. २००० साली तो वारला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. जंजीरला बॉम्ब म्हणजे काय हे माहीत नव्हते. विशिष्ट वास सापडला की आपला माणूस खूश होतो, एवढेच त्याला ठाऊक. चित्रपटातल्या कुत्र्याचे शिक्षण आणि जंजीरचे शिक्षण मुळात एकाच तत्त्वावरचे. मग एकाला आपण ‘नुसते शिकवलेले’ म्हणायचे आणि दुसऱ्याला वीर? मला वाटते, दोघांतही खरी गोष्ट एकच आहे: जनावर कारण न विचारता आपल्या माणसावर भरवसा टाकते. गोष्ट माणूस रचतो, भरवसा मात्र कुत्र्याचा स्वतःचा असतो.

हा भरवसा आपल्या लोकांना सिनेमाच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. धर्मराजाने स्वर्गाच्या दारी बरोबर आलेल्या कुत्र्याला सोडून आत जाण्याचे नाकारले. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत. रायगडावरच्या वाघ्याची गोष्ट घ्या. तिला समकालीन पुरावा नाही असे अनेक अभ्यासक म्हणतात आणि त्यावर वादही आहेत, तरी ती लोकांच्या तोंडी आहेच. पंचतंत्रातला ब्राह्मण आणि मुंगूस आठवा. मुंगसाने सापापासून बाळाला वाचवले, पण त्याच्या तोंडाला लागलेले रक्त पाहून घाईने उलटाच अर्थ लावला गेला आणि ते बिचारे मारले गेले. ही गोष्ट पुन्हा वाचताना मला माझे त्या रविवारचे बोलणे आठवले. घाईने अर्थ लावण्यात मीही काही कमी नव्हते.

कारण मध्यंतरी आजीने मला एक गोष्ट सांगितली होती. आमच्या घरीही मोती होता. बाबांनीच तो चित्रपट पाहून आल्यावर गावठी पिल्लाला ते नाव दिले होते. बाबा सातवीत असताना आजोबा आजारी पडले आणि बाबांची शाळा सुटली. आमच्या चिंचणीत घरोघरी डायचे काम चालते. इमिटेशनच्या दागिन्यांसाठी पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी कोरायची. मग त्यावर पत्रा ठेवून दाब दिला की नक्षी पत्र्यावर उठते. बाबांना अशाच एका ठिकाणी काम शिकायला बसवले. शाळा सुटली त्या दिवशी बाबा घरात कोणाशी बोलले नाहीत. आजीने पाहिले तर मागच्या पडवीत मोतीच्या गळ्यात हात घालून बसले होते. दुसऱ्या दिवसापासून मोती त्यांच्यामागे कामावर जाऊ लागला. सकाळी दाराशी बसायचा, संध्याकाळी त्यांच्याबरोबर परत यायचा. पावसातसुद्धा. तो म्हातारा होऊन मरेपर्यंत हे चालले होते.

आणि मी त्यांना सांगितले होते, कुत्र्याला काही कळत नाही.

एका संध्याकाळी बाबा दिव्याखाली बसून डाय घासत होते. मी जवळ जाऊन बसले आणि म्हणाले, “बाबा, त्या दिवशी मी जास्त बोलले.”

बाबांनी मान वर केली नाही. म्हणाले, “बोललीस ते खरंच असेल. तू शिकलेली आहेस. पडद्यावरच्या कुत्र्याला कोणी शिकवलं ते मला ठाऊक नाही. पण आपल्या मोतीला कोणी शिकवलं नव्हतं, एवढं ठाऊक आहे.”

थोड्या वेळाने मी त्यांना रोव्हरची गोष्ट सांगितली. तुकडे कसे जोडतात, मधला भाव आपण कसा भरतो, हे माझ्या परीने समजावले. मला वाटले होते त्यांना कंटाळा येईल. पण त्यांनी कानस खाली ठेवली आणि एकेक प्रश्न विचारू लागले. एका तुकड्याचा उजेड दुसऱ्याशी जुळला नाही तर काय करतात? कुत्र्याचे केस ओले असतील आणि पुढच्या तुकड्यात कोरडे, तर? मला सगळी उत्तरे देता आली नाहीत. शेवटी ते म्हणाले, “म्हणजे आमच्यासारखंच. बाई गळ्यात हार घालते, तिला डाय कुठे दिसते? दिसू नये म्हणून तर ती नीट करायची.”

यावरून काय घ्यायचे? एखादी गोष्ट कशी घडते हे समजले की तिची गोडी जाते, असे पुष्कळांना वाटते. शिकलेल्यांना वाटते की ती जायलाच हवी, आणि न शिकलेल्यांना भीती वाटते की ती जाईल. माझा अनुभव वेगळा आहे. गोडी जाते ती समजल्यामुळे नव्हे, तर समजले ते दुसऱ्याच्या तोंडावर फेकल्यामुळे. मोतीला कोणी शिकवले, त्याच्या नजरेपुढे कोण उभे होते, हे कळल्यावर मला त्या चित्रपटात एका कुत्र्याबरोबर आणखी चार माणसांचे कष्ट दिसू लागले, एवढेच.

गेल्या महिन्यात ‘तेरी मेहरबानियाँ’ पुन्हा लागला. या वेळी मी तोंड मिटून बाबांच्या शेजारी बसले. आजीने वेळेवर पदर डोळ्यांना लावला. मोती धावत सुटला तसे बाबा एकदम पुढे सरकले आणि पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, “थांब. हा तुकडा दुसऱ्या वेळी घेतलेला आहे. सावली बघ, फिरली.”

सावली खरोखर फिरली होती का, ते मला दिसले नाही. मी तेव्हा मोतीकडे पाहत होते.

— एक विद्यार्थिनी
द्वितीय वर्ष, कला